ऊब आणि उंबरठा

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीस येणाऱ्या मनुष्यास येथल्या उन्हाळ्याची भीती आधीच भरपूर घातलेली असते. हिवाळ्याविषयी मात्र त्याला कोणी फारसे सांगत नाही. कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे पहाटेचे दोन तास, आणि पुणेकराला ती आल्याच्या चहाचे निमित्त. विदर्भातला माणूस तेवढा थोडा सरावलेला. पण पौषात दिल्लीची थंडी भिंतीतून, फरशीतून, नळाच्या पाण्यातून एकदम अंगावर चालून येते, तेव्हा गावाहून आणलेली शाल ही केवळ वडीलधाऱ्यांची सदिच्छा होती, संरक्षण नव्हे, हे ध्यानात येते. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याच्या खाली ०.६ अंशांपर्यंत उतरला होता. ८ जानेवारी २००६ रोजी तो ०.२ वर आणि १ जानेवारी २०२१ रोजी १.१ वर होता. काश्मीर किंवा लाहूलच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु तेथली घरे थंडीसाठी बांधलेली असतात, दिल्लीची घरे उन्हाळ्यासाठी. उंच छत, उघडी गॅलरी, मोझेकची फरशी आणि न मिटणाऱ्या खिडक्या असलेल्या सरकारी निवासस्थानात थंडी पाहुणी म्हणून येत नाही; दोन महिन्यांची भाडेकरू म्हणून राहते.

अशा वेळी गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो मुलांचा आणि घरातल्या वृद्धांचा. ते योग्यच आहे. आपल्या कुटुंबाला ऊब देणे हे गृहस्थाचे कर्तव्य होय, याविषयी कोणत्याही धर्मशास्त्राचे किंवा नीतिशास्त्राचे दुमत असेल असे आम्हांस वाटत नाही. प्रश्न आहे तो या कर्तव्याच्या हद्दीचा. ते आपल्या उंबरठ्याशी संपते काय? आणि त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न: आपल्या माणसांच्या सुखासाठी उंबरठ्यापलीकडच्या माणसाची ऊब काढून घेण्याचा अधिकार हे कर्तव्य आपणांस देते काय? हा प्रश्न पुस्तकी नाही. दिल्लीच्या प्रत्येक वसाहतीत तो दर हिवाळ्यात अर्जाच्या, तक्रारीच्या किंवा सभेतल्या ठरावाच्या रूपाने उभा राहतो, आणि आपण त्याचे उत्तर बहुधा विचार न करता देऊन टाकतो.

प्रथम ऊब म्हणजे काय ते पाहू. गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो. पण गोधडीत ऊब नसते. थंड खोलीत घडी करून ठेवलेली गोधडी खोलीइतकीच थंड असते. ऊब असते ती माणसाच्या देहात. गोधडी तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. तेही काम खऱ्या अर्थाने कापड करीत नाही, तर जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकून पडलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश वाहते. म्हणूनच दिल्लीत दसरा-दिवाळी उलटली की पिंजाऱ्यांच्या दुकानांपुढे जुन्या रजयांचे ढीग पडतात. वर्षभराच्या वापराने दबलेला कापूस पुन्हा पिंजून फुलवायचा, म्हणजे त्यात हवेला पुन्हा घर मिळते. कापूस तोच, वजन तेच, पण ऊब अधिक. आमच्या आज्यांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते. हातांना ठाऊक होते.

यातून एक गोष्ट उघड होते. ऊब ही निर्माण करण्यापेक्षा राखण्याची वस्तू आहे, आणि राखायची म्हणजे कोठेतरी कड घालावी लागते. या कडेच्या आत जे आहेत ते उबदार, बाहेर आहेत ते गार. अन्न पातळ करून एका माणसाचे दोघांना पुरवता येते. आमटीत पाणी वाढवण्याची युक्ती कोणत्या मराठी गृहिणीला ठाऊक नाही? पण एका माणसाची रजई दोघांनी ओढली तर कोणाची तरी पाठ उघडी पडते. सायंकाळी दार लावणारा गृहस्थ, त्याच्या मनात असो वा नसो, एक निवडा करीत असतो: कोण आत, कोण बाहेर.

पक्क्या घरात राहणाऱ्यास हा निवडा जाणवत नाही, कारण तो भिंतींनी त्याच्या वतीने आधीच करून टाकलेला असतो. ज्यांचे घर चाकांवर असते, त्यांना मात्र तो रोज रात्री नव्याने करावा लागतो. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीपासून डिसेंबर २०२१ पर्यंत सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे दिल्लीच्या सीमांवर पंजाब, हरयाणा व उत्तर प्रदेशातील शेतकरी ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांमध्ये राहिले. ज्या कायद्यांवरून ते आले होते त्यांच्याविषयी मत देण्याची मुभा सेवानियमांनी आम्हां सरकारी नोकरांना दिलेली नाही, आणि येथे तिची गरजही नाही. आम्हांस फक्त त्या ट्रॉल्यांविषयी बोलावयाचे आहे. वर ताडपत्री, खाली भाताचा पेंढा, पेंढ्यावर गाद्या आणि गाद्यांवर रजया. वृद्धांना व लहानांना आतल्या अंगाला, धडधाकट माणसांनी दाराच्या फळीशी निजायचे. दिल्लीत १.१ अंशाची ती रात्र याच हिवाळ्यातली, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत वरून पाऊसही झाला. दीड हात रुंदीच्या जागेत कोणाची पाठ वाऱ्याकडे राहील हे तेथे रोज ठरत होते. ज्याच्या अंगी बळ अधिक त्याने वारा अधिक खायचा, असा तो न लिहिलेला नियम होता. ऊब वाटण्याचा याहून न्याय्य नियम आम्हांस तरी सुचत नाही.

हे लोक काही महिन्यांसाठी चाकांवर आले आणि परतले. दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेला दुसरी कुटुंबे आहेत, ज्यांचे चाकांवरचे घर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ते गाडिया लोहार. महाराष्ट्रातल्या खेड्यांत येऊन नांगराचे फाळ आणि विळे-कोयते शेवटून देणारे घिसाडी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे लोक ओळखीचे वाटतील. परंपरा असे सांगते की १५६८ साली अकबराने चितोड घेतले तेव्हा या लोहारांनी प्रतिज्ञा केली: चितोड परत स्वतंत्र होईपर्यंत गडावर पाऊल ठेवणार नाही, छपराखाली राहणार नाही, खाटेवर निजणार नाही, दिवा लावणार नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट उलटी टाकलेली असते. एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरू स्वतः चितोडगडला गेले आणि त्यांच्या समक्ष या लोकांनी जवळजवळ चार शतकांनंतर गडात प्रवेश केला. प्रतिज्ञा फिटली, घर मात्र सगळ्यांना मिळाले नाही. दिल्लीत आलेल्या अनेक कुटुंबांच्या पितळी पत्र्यांनी मढवलेल्या जड गाड्या एके ठिकाणी रुतून बसल्या. चाक आहे पण प्रवास नाही, मुक्काम आहे पण घर नाही, अशी ती स्थिती.

या लोकांच्या उबेत एक विशेष आहे. दिवसा ज्या भट्टीवर तवा, चिमटा, छिन्नी घडते, तीच भट्टी सायंकाळी विझत आली की कुटुंबाची शेगडी होते. पोरे निखाऱ्यांभोवती बसतात, तेथेच रोट्या भाजल्या जातात, आणि मग सारे गाडीच्या आडोशाला रजयांत शिरतात. जी आग पोट भरते तीच आग अंग शेकते. ती आग 'उपद्रव' म्हणून विझवायला सांगणारा मनुष्य एका वाक्यात त्यांचा धंदाही बंद करतो आणि हिवाळाही असह्य करतो, याची त्यास बहुधा कल्पना नसते.

आम्हां मराठी माणसांना तर ही कल्पना इतिहासानेच द्यावयास हवी. आज जो जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो, त्या पानिपतावर १७६० च्या नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत एक मराठी वस्ती हिवाळ्यात उघड्यावर पडली होती. लढवय्यांबरोबर कबिले होते, भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, तीर्थयात्रेच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. धान्य संपले, वैरण संपली, आणि दक्षिणेतून आलेल्या माणसांच्या अंगावर उत्तरेचा पौष होता. इतिहासकार भाऊसाहेबांस दोष देतात की कबिले बरोबर न्यावयास नको होते. लष्करी दृष्टीने तो दोष खरा असेल. परंतु बदलीच्या हुकमावर बायकामुलांसह निघालेल्या आमच्यासारख्या माणसांना त्या जथ्यातल्या साध्या कारकुनाचे आणि शागिर्दाचे मन थोडे अधिक कळते. माणूस कुटुंब बरोबर नेतो तो सोयीसाठी नव्हे. दूर देशी आपली माणसे जवळ असणे हीच त्याला ठाऊक असलेली ऊब असते. आज त्याच पानिपत शहरात जगभरातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे पुन्हा सूत होते, आणि त्या सुताचे स्वस्त कांबळे भूकंपात व पुरात सापडलेल्यांना वाटले जातात. जेथे आपली माणसे कुडकुडली तेथून आज अनोळखी माणसांना पांघरूण जाते. इतिहास कधी कधी असेही उत्तर देतो.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. ऊब राखायची तर कड घालावी लागते हे खरे. पण ती कड पूर्ण बंद केली तर काय होते? दिल्ली आणि आसपासच्या गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम या भागांत असा हिवाळा सहसा जात नाही, की ज्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून निजलेली माणसे सकाळी मृत सापडली नाहीत. बहुधा ती एकाच कुटुंबातली असतात. फटी बुजवलेल्या असतात, दाराखाली पोते लावलेले असते, मुले मधे घेतलेली असतात. प्रेमाने जे जे करावयाचे ते सारे केलेले असते. कोळसा जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, आणि निजलेल्या माणसाला जागसुद्धा येत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित, असा जो समज आहे तोच घात करतो.

पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या गावाजवळ जानेवारी २०२२ मध्ये हिमवर्षावात मोटारी अडकून वीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत कुटुंबे होती, मुले होती. ऊब मिळावी म्हणून इंजिने चालू ठेवलेली, काचा घट्ट लावलेल्या आणि धुराची नळी बर्फाने बुजलेली. त्यामुळे अनेकांचा जीव थंडीपेक्षा या वायूनेच घेतला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले. उलटपक्षी, युरोपात जे लोक निजण्याची सोय असलेल्या मोटारीतून भर हिवाळ्यात मुलाबाळांसह प्रवास करतात, त्यांच्या गाडीतल्या चांगल्या शेगडीची रचना पाहण्यासारखी असते. ती जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून घेते, धूर बाहेरच सोडते, आणि आत येते ती केवळ उष्णता. आगीचा श्वास वेगळा, माणसांचा श्वास वेगळा. एवढे करूनही ते अनुभवी लोक रात्री छताजवळची एक झडप थोडी उघडी ठेवतात. कारण चार माणसांच्या श्वासातली वाफ बंद जागेत साचते, थंड पत्र्यावर तिचे पाणी होते, ते पांघरुणात उतरते, आणि ओल्या पांघरुणातली हवा गेली की त्याची ऊबही गेली. म्हणजे फट ठेवायची ती केवळ जीव वाचवण्यासाठी नव्हे. ऊब टिकवण्यासाठीसुद्धा ती लागते. थोडी ऊब बाहेर जाऊ दिल्यावाचून उरलेली राहत नाही.

निसर्गाचा नियम हा नीतीचा नियम असतोच असे नाही, हे आम्ही जाणतो. दगड खाली पडतो म्हणून माणसाने पडावे असे कोणी म्हणत नाही. तथापि या बाबतीत आमच्या जुन्या गृहस्थधर्माने स्वतंत्रपणे तेच सांगितले आहे. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ आहेत. जेवणापूर्वी काकबळी, गोग्रास आणि दारी आलेल्या अतिथीचा भाग काढल्यावाचून गृहस्थाने जेवू नये, अशी ती व्यवस्था होती. तीत अन्न फार जात नसे. एक घास जाई. पण त्या घासाने घराच्या भिंतीला रोज एक फट पडे. गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार म्हटले ते तो स्वतः सुखी असतो म्हणून नव्हे. त्याच्या घरातून काहीतरी बाहेर जात असते म्हणून. आमच्या पिढीत हे विधी बहुतेक घरांतून गेले. त्यांचे आम्हांस फारसे दुःख नाही. दुःख आहे ते याचे की फट बुजली आणि तिच्या जागी दुसरी काढली गेली नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका वसाहतीच्या फाटकाशी रात्रीचा पहारेकरी पालापाचोळा, लाकडाची खोकी, कधी एखादे प्लास्टिक असे मिळेल ते पेटवून शेकत बसतो. रस्त्यापलीकडे दोन-तीन लोहार कुटुंबांच्या गाड्या आहेत, त्यांची भट्टी संध्याकाळी धुमसते. रहिवाशांच्या सभेत अर्ज फिरतो: शेकोटी बंद करावी, गाड्या हटवाव्यात. आमच्या वसाहतीत असा अर्ज फिरला, आणि तो घेऊन आलेल्या काकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नव्हते. "अहो, माझ्या नातवाला दमा आहे. रात्रभर बसून काढतो पोर. तुमची भूतदया मी समजतो, पण त्याचा श्वास मी कोणाला दान देऊ?" या प्रश्नापुढे सुभाषिते निकामी ठरतात. दिल्लीची हिवाळ्यातली हवा कशी असते ते येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. उघड्यावर कचरा व पाला जाळणाऱ्यास ५००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच दिलेला आहे. कायदा काकांच्या बाजूला होता, आणि करुणाही अर्धी त्यांच्याच बाजूला होती.

या ठिकाणी एक भेद करणे आम्हांस आवश्यक वाटते. दुसऱ्यास ऊब न देणे ही एक गोष्ट, आणि त्याची असलेली ऊब काढून घेणे ही दुसरी. पहिल्या बाबतीत आपली जबाबदारी मर्यादित आहे. या शहरात हजारो माणसे रस्त्यावर निजतात. त्या सर्वांना पांघरूण घालणे एका कारकुनाच्या पगारात बसत नाही, आणि न बसल्याबद्दल त्याला कोणी दोषी म्हणू नये. ती जबाबदारी मुख्यतः शासनाची आहे. डिसेंबर २००९ मध्ये भर थंडीत पुसा रोडवरचा तात्पुरता रात्रनिवारा हटवला गेला, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालून निवारे वाढवण्यास सांगितले. आज 'रैन बसेरे' चालवणारे दिल्लीचे निवारा मंडळही त्याच वर्षीच्या कायद्याने झाले. परंतु बहुसंख्य निवारे पुरुषांसाठी आहेत. नवराबायको आणि पोरे एकत्र राहतील, आणि दाराशी गाडी व भट्टीही उभी करता येईल, अशी जागा सहसा नसते. म्हणून पुष्कळ कुटुंबे एकेकट्या उबेपेक्षा एकत्र थंडी पत्करतात. त्यांना 'निवारा असून जात नाहीत' असे म्हणणारांनी, बदली झाली तेव्हा आपण एकटे न येता बिऱ्हाड का आणले, हे स्वतःस विचारून पाहावे.

दुसऱ्या बाबतीत मात्र जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. आपण अर्ज करतो तेव्हा आपण काही 'न करणारे' राहत नाही. आपण करणारे होतो. ज्याच्या अंगावर आधीच एकच पांघरूण आहे त्याचे ते ओढून घेणारा मनुष्य, 'मला जगाला पांघरूण घालणे शक्य नाही' हे समर्थन पुढे करू शकत नाही. त्याला कोणी जगाला पांघरूण घालावयास सांगितलेलेच नसते. तेव्हा आमचे म्हणणे असे की, दुसऱ्याची आग ज्या घरास सोसत नसेल त्या घराने ती विझवण्याची मागणी जरूर करावी. परंतु त्या मागणीबरोबरच दुसऱ्या उबेची तजवीज करण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. आधी तजवीज, मग विझवणे. क्रम उलटा झाला की नीतीचा प्रश्न संपतो आणि केवळ बळाचा उरतो.

हे म्हणणे भाबडे आहे असे कोणास वाटेल, तर त्यांनी सरकारी कागदच पाहावा. दिल्लीच्या प्रदूषणासाठी जानेवारी २०१७ मध्ये अधिसूचित झालेली आणि पुढे वेळोवेळी सुधारलेली जी श्रेणीबद्ध कृतियोजना आहे, तिच्यात रहिवासी संघांनी पहारेकरी, सफाई कामगार, माळी यांना विजेच्या शेगड्या पुरवाव्यात, म्हणजे त्यांना उघड्यावर लाकूड-कचरा जाळावा लागणार नाही, अशी सूचना आलेली आहे. मसुदे आणि टिपणे लिहिण्यात आमचे आयुष्य चालले असल्यामुळे कोणत्याही सूचनेत मनुष्याचे मन शोधण्याची सवय आम्हांस उरलेली नाही. पण ही सूचना वाचून ती लिहिणाऱ्या अनामिक सहकाऱ्याला नमस्कार करावासा वाटला. त्याने केवळ 'जाळू नये' एवढेच लिहिले नाही. माणूस का जाळतो याचा त्याने विचार केला.

हिशेबही करून पाहू. १००० वॅटची शेगडी रात्रीचे आठ तास चालली तर आठ युनिटे वीज लागते. अठ्ठेचाळीस घरांच्या वसाहतीत ती वाटली तर घरटी एका युनिटाचा सहावा हिस्सा, म्हणजे आपल्या न्हाणीघरातला पाणी तापवण्याचा दांडा दहा मिनिटे चालण्याला जेवढी वीज लागेल तेवढी. पहारेकऱ्याच्या उबेचा आपल्यावर पडणारा भार एवढाच आहे. आमच्या सभेत हा हिशेब मांडला गेला, शेगडी आली, आणि फाटकाशी धूर बंद झाला. काकांनीच तिची वर्गणी गोळा केली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. लोहारांच्या गाड्यांचा प्रश्न मात्र असा सुटण्यासारखा नव्हता. भट्टी ही त्यांची शेकोटी असती तर शेगडी देता आली असती. ती त्यांची कचेरीही आहे. त्या कलमावर आम्ही व आणखी काही जणांनी सही केली नाही, काहींनी केली, आणि ते प्रकरण अद्याप तसेच आहे. प्रत्येक नैतिक प्रश्नाला सभेच्या वेळेत बसणारे उत्तर असतेच, असे मानण्याचे कारण नाही. उत्तर सापडेपर्यंत निदान आपल्या हातून पांघरूण ओढले जाऊ नये, एवढे पथ्य पाळता येते.

यावर एक अखेरचा आक्षेप राहतो, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. 'आम्ही येथले नव्हे. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी बदली होईल. या शहराचे, या रस्त्याचे, या गाड्यांचे आम्ही काय लागतो?' परप्रांतात राहणाऱ्या नोकरदाराच्या मनात हा विचार नकळत घर करून असतो. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव, दिवाळी अंक, गावाकडून आलेले तिळाचे लाडू, एवढ्याच्या आत आपण आपली ऊब राखतो. ती राखावी. परगावी आपली भाषा बोलणारे चार लोक जमले की अंगात जी ऊब येते तिचे मोल या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु नीट पाहिले तर, गाडिया लोहार आणि बदलीवरचा कारकून यांच्यात आपण समजतो तितके अंतर नाही. त्याचे घर गाडीत. आपले घर रेल्वेच्या पावतीवर चढवलेल्या आठ पेट्यांत. त्याची खाट उलटी. आपली अजून दोरीने बांधलेलीच. दोघांनाही आपली माणसे दुसऱ्याच्या गावात उबदार ठेवावयाची आहेत. फरक एवढाच की आपल्या मुक्कामाला शासनाने भिंती दिल्या आहेत. ज्याला भिंती मिळाल्या त्याने त्यांत खिडकी ठेवावी, हे मागणे अधिक नव्हे.

संक्रांत आली की या शहरात आपण तिळगूळ वाटतो. तीळ आणि गूळ हे थंडीत अंगाला ऊब देणारे म्हणून आपल्या पूर्वजांनी निवडले, आणि ते नुसते खाऊ नयेत, वाटावेत, असा रिवाज घालून दिला. ऊब वाटण्याची ती वर्षातून एकदाची आठवण आहे. ती फक्त आपल्या मंडळाच्या सभागृहात पुरी करावी की तिचा एक पुडा फाटकाशी आणि रस्त्यापलीकडेही न्यावा, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्यापुरते सांगायचे तर, मुलांना रजईत गुरफटून झाले, खिडकी लावून झाली, की त्या खिडकीची वरची झडप आम्ही बोटभर उघडी ठेवतो. तीतून थोडी थंडी आत येते. आणि त्या थंडीबरोबर रस्त्यापलीकडे अजून कोणी जागे आहे हेही ऐकू येत राहते.